सतराव्या धड्यातला नाविक

तर ते पुस्तक शिवलेलंच होतं. बांधणीला शिवतात तसं नव्हे हो! सतरावा धडा संपला की पुढची सगळी पानं काळ्या जाड दोऱ्यानं कडेकडेनं टाचलेली, उशीचं तोंड शिवावं तशी. आणि गंमत अशी, की लॅटिनची पुस्तकं अशीच मिळतात असं पाटीवाल्या बाईंच्या नातीला वाटायचं. सात वर्षांची पोर. शाळेत छाती फुगवून सांगून आली, "मला सगळं लॅटिन येतं. सतराच तर धडे असतात!"

पाटीवाल्या बाई म्हणजे सरकारी बागेत झाडांच्या नावांच्या पाट्या रंगवणाऱ्या. तीस वर्षं त्यांनी जस्ताच्या पत्र्यांवर बारीक कुंचल्यानं लॅटिन नावं लिहिली. नुसतं गिरवून समाधान होईना, म्हणून बागेच्या म्हाताऱ्या साहेबांकडून हे मुलांचं पुस्तक मागून आणलं आणि आपल्या आपणच शिकल्या. नोकरी सुटली तरी कुंचला सुटेना. उरल्यासुरल्या पत्र्यांवर शब्द रंगवून त्यांनी घरभर टांगले. टेबलाला 'मेन्सा', खिडकीला 'फेनेस्त्रा', पाण्याच्या पिंपाला 'आक्वा'. स्वयंपाकघरातल्या खिडकीशेजारच्या बुटक्या खुर्चीवर मात्र कोरा पांढरा पत्रा. त्या लोकांत खुर्चीला शब्दच नसेल, बिचारे उभ्यानं जेवत असतील, अशी नातीची समजूत.

दुपारी चारला स्वयंपाकघरात वर्ग भरायचा. नात आणि शेजारच्या दोघी जुळ्या. "आमो, आमास, आमात" म्हणजे मी माया करते, तू करतेस, ती करते, हे पाढ्यासारखं चाललेलं, आणि बाई पळीनं टेबलावर ताल धरायच्या. कुणी चुकलं तर रागवायच्या नाहीत. म्हणायच्या, "चुकीची पाटी लावली म्हणून झाड काही मरत नाही गं. माणूस फक्त भलत्याच झाडाला हाक मारतो."

धडा बिनचूक म्हटला, की समासात पेन्सिलीनं बरोबरची खूण ज्याची त्यानं करायची, ही तिथली रीत. समासात जुन्या खुणाही होत्या, ठसठशीत, एका अंगाला कललेल्या. सोळा धड्यांपाशी सोळा. सतराव्यापाशी अर्धीच. रेघ खाली उतरली होती, वर चढायची राहिली होती. मुलींनी विचारलं, की बाई पिंपातलं पाणी बघायला उठायच्या.

सतराव्या धड्यात नाविक आपल्या मुलीचा निरोप घेतो, गलबत सुटतं आणि वादळ येतं. बस्स, खलास. वादळ आलं की बाई म्हणायच्या, "चला, पुन्हा पहिल्यापासून." 'पुढचं उद्या' असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. 'उद्या' हा शब्दच त्यांच्या तोंडी नव्हता. दूधवाल्यालासुद्धा त्या वाराचं नाव घेऊन सांगायच्या.

चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या थोरलीनं, आठ वर्षांच्या लेकीनं, त्या बुटक्या खुर्चीवर बसून ती अर्धी रेघ ओढली होती. डोकं दुखतंय म्हणून पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "आई, तो घरी पोचतो का गं?" बाईंच्या हातातल्या कुंचल्यावर रंग सुकत होता. "उद्या सांगते," त्या म्हणाल्या. तापानं त्या पोरीला उद्या बघू दिलाच नाही. आठवड्याभरानं बाईंनी सुईत दोरा ओवला. शिकताना पुढचं सगळं त्यांनी वाचलं होतं, पण आता काही केल्या आठवेना, नाविक पोचला की बुडाला. आणि चार वाजले, की त्या खुर्चीकडून लाकडावर पेन्सिल घासल्याचा आवाज यायचा. मान वळवली की थांबायचा.

शाळेतली फुशारकी मात्र अंगाशी आली. नात तणतणत घरी आली. "आजी, आमच्या बाई हसल्या मला! म्हणाल्या, धडे पुढेही असतात. हे शिवलंय कुणी?"

"मी."

"का पण?"

"आधी धडा म्हण."

पोरीनं सतरावा धडा घडाघडा म्हटला, पेन्सिल उचलली, रेघ खाली ओढली आणि थांबली. "आजी, डोकं दुखतंय."

बाईंनी तिला उचलून खाटेवर निजवलं. बाईंच्या मुलानं, म्हणजे पोरीच्या बापानं, धावत जाऊन डॉक्टरांना आणलं. डॉक्टर म्हणाले, "साधा ताप आहे, आजी. दोन दिवसांत घर डोक्यावर घेईल बघा." पण बाईंचा विश्वास कसा बसावा? खाटेशेजारी त्या ज्या बसल्या, त्या उठायचं नाव घेईनात.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास पोरीनं डोळे उघडले. "आजी, तो घरी पोचतो का गं?"

तेच शब्द. तोच 'गं'. स्वयंपाकघरातली पेन्सिल घासायची थांबली.

दारात उभा असलेला मुलगा हळूच म्हणाला, "आई, पोचला म्हण ना. काय बिघडतं?"

"खोटं कसं सांगू रे? मलाच ठाऊक नाही."

त्या उठल्या. पुस्तक आणलं, कात्री आणली. एकेक टाका कापायला घेतला. मुलगा मदतीला पुढं झाला, तर "तू नको" म्हणाल्या. शेवटचा टाका तुटला, तसा पानांतून बागेतल्या तेलरंगाचा वास आला, इतक्या वर्षांचा कोंडलेला. बाई अडखळत वाचू लागल्या. गलबत फुटलं. नाविकानं एक फळी धरली. तीन दिवस तरंगत एका बेटाला लागला. माणूस जिवंत होता, पण घर अजून लांबच. अठरावा धडा तिथंच संपला.

बाईंनी पोरीच्या कपाळाला हात लावला. घामानं ओलं झालं होतं. ताप उतरत होता. पोरीच्या पापण्या मिटायला आल्या होत्या.

"अजून किती धडे आहेत, आजी?"

"चौदा."

"मला झोप येतेय. उरलेलं उद्या वाचूया?"

मुलानं मान खाली घातली. स्वयंपाकघरातून पेन्सिलीचा आवाज आला, एकदाच, छोटासा. या वेळी बाईंनी मान वळवली नाही. पोरीचं पांघरूण नीट करत त्या म्हणाल्या,

"वाचूया, उद्या वाचूया. पण उद्या येईपर्यंत मी इथून हलायची नाही, बरं का."