सही ओली होती

रावेतच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या घराविषयी जी हकीकत फिरते आहे, ती जवळपास सगळीच चुकीची आहे. म्हणून खरी हकीकत मीच लिहितो. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही नाही. महाळुंग्याच्या एका कारखान्यात मी टूलरूम इन्स्पेक्टर होतो. जे मोजता येत नाही, ते मी कधी पास केलेले नाही.

कामानिमित्त अमेरिकेला जाणे झाले, तेव्हा तिथल्या अभिजात कादंबऱ्यांच्या आरंभीच्या, लेखकाची सही असलेल्या आवृत्त्या जमवण्याचा छंद लागला. सही खरी की बनावट, हे मी भिंगाखाली ठरवतो. माझा मुलगा नितीन पाहुण्यांना सांगतो, "बाबा रद्दी जमवतात." तेही चुकीचे.

गेल्या वर्षी माझी पत्नी सुमन हिला अर्धांगवायू झाला. वाचा परतली, उजवा हात परतला नाही. फिजिओथेरपिस्ट बोटांना सुई टोचून पाहत असे, हिला काही कळत नसे. "फार आशा धरू नका, काका," असे तो मला जिन्यात म्हणाला होता.

खंडेनवमीच्या सकाळी मी पूजेसाठी पाटावर मायक्रोमीटर, व्हर्नियर ही मोजमापाची हत्यारे आणि संग्रहातली सर्वांत जुनी कादंबरी, सहीचे पान उघडून, मांडली.

"अहो, या तुमच्या अमेरिकन पाहुण्याला कुंकू लावायचं ना?"

"अजिबात नाही. पानाला डाग पडेल."

"मग नुसता नमस्कार करते. पण डाव्या हाताने नाही करणार, सांगून ठेवते."

तेव्हा मीच तिचा निर्जीव हात उचलला आणि नाइलाजाने तर्जनी सहीवर टेकवली.

बोट मागे सरकले. मी सरकवले नव्हते.

"ओलं लागलं," ती म्हणाली.

"काय लागलं?"

"ओलं हो... शाई सांडलीत काय तुम्ही?"

तिच्या बोटाच्या टोकाला निळसर काळा डाग होता. मी सहीवर भिंग धरले — एकही रेघ फिसकटलेली नव्हती. वरून पांढरा कापूस फिरवला. तो पांढराच राहिला. माझ्या जन्मापूर्वी केलेली ती सही ठणठणीत कोरडी होती.

नितीनचे म्हणणे, ते ओले कुंकू असावे. कुंकवाला मी हातच लावू दिला नव्हता, आणि कुंकू निळे नसते. फिजिओथेरपिस्ट म्हणतो, संवेदना परतायचीच होती. मग आदल्याच दिवशी टोचलेली सुई हिला का लागली नाही? शेजारचे भोंडवे तर दारातच उभे राहिले.

"आण्णा, त्या सायबाचा आत्मा हाय पुस्तकात. नदीत सोडा बरं."

"त्या साहेबाला अमेरिका सोडून रावेतला यायचं कारण काय, ते आधी सांगा."

"आमास्नी काय ठावं राव? तुमीच बोलावलं आसंल."

यावर मी दार लावून घेतले.

त्या सकाळपासून हात रोज थोडा थोडा जागा होतो आहे. आता अंगठा वळतो, चेंडू दाबता येतो. सुमन आता सुईही टोचू देत नाही. का, ते मला माहीत नाही. आयुष्यात प्रथमच मी कारणाची जागा कोरी ठेवतो आहे. ती कोणी आपल्या मनाने भरू नये.

परवा तिने चहाचा कप उजव्या हातात घेतला आणि लगेच खाली ठेवून माझ्यावर ओरडली, "किती कढत दिलात हो!"

चहा खरोखरच कढत होता. मी तपासून पाहिला.