रिकामी कुंडी

इथे आखातात, शहराच्या अल सुलै भागातल्या गोदामांमागे एक नर्सरी आहे. तिथले पिकल्या दाढीचे माळी रत्नागिरीकडचे, एवढंच मला माहीत. इथल्याच वाळवंटातली काटेरी, गुबगुबीत झाडं ते वाढवतात. आम्ही मराठी मंडळी त्या सगळ्यांना निवडुंगच म्हणतो.

माझं तिसरं निवडुंग मेलं तेव्हा मी ते कुंडीसकट त्यांच्याकडे नेलं. त्यांनी खोड अंगठ्याने दाबलं, मातीचा वास घेतला आणि विचारलं, "पाणी रोज घालता?"

"आंघोळ झाली की एक तांब्या. आईची सवय."

त्यांनी चौथं झाड दिलंच नाही. वाळू आणि खडे भरलेली रिकामी कुंडी माझ्या हातात ठेवली. "महिनाभर ही सांभाळा. थेंबही घालायचा नाही. जमलं तर झाड देतो."

मला हसू आलं होतं. पण रोज सकाळी हात तांब्याकडे जायचा. उन्हात तापलेली ती वाळू बघवत नसे. विसाव्या दिवशी मी पाणी घातलंच.

महिन्याने गेलो, तर वाळूत पाण्याने पडलेला खळगा त्यांना लगेच दिसला. ते रागावले नाहीत. फडक्याला हात पुसत म्हणाले, "पोराने मागायच्या आधीच मी इथून सगळं पाठवत गेलो. लांब होतो ना. तोही असाच मुळाशी सडला, साहेब."

मग त्यांनी खळगा हाताने सारखा केला आणि कुंडी मला परत दिली.

आज तिचा एकोणिसावा दिवस आहे.