टाचेला लावलेलं काजूचं तेल

आमच्या वाडीत टाच दुखण्याची दोनच कारणं होती. काटा मोडून आत राहिला, नाहीतर भेगा पडल्या. तिसरंही कारण असतं, हे मला गेल्या महिन्यात ओरोसच्या एका डॉक्टरांनी सांगितलं. तेही माझी नव्हे, माझ्या मुलीची टाच बघताना.

मी आठवीत होते तेव्हाची गोष्ट. गाव वेंगुर्ल्यापासून आत. आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. शाळेचं मैदान म्हणजे तांबड्या मातीवर उघडे पडलेले चिरे, आणि त्यावर आम्ही अनवाणी खो-खो खेळायचो. खेळाचे सर शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत सराव घ्यायचे आणि मग मला सायकलवर मागे बसवून घरी सोडायचे. माझ्यावर त्यांचा जीव होता. जिल्ह्याच्या संघाची निवड ओरोसला होणार होती. आमच्या शाळेतून तोवर एकही मुलगी त्या संघात गेलेली नव्हती. "तू जातलंस," असं सर म्हणाले होते, आणि मी ते खरं मानलं होतं. निवड झाली असती तर कोल्हापूरला खेळायला मिळणार होतं. आमच्या घरातलं तोवर कोणी घाट चढलेलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात मी इतकी वाढले की आईने युनिफॉर्मच्या स्कर्टची सगळी दुमड उसवून सोडली, तरी गुडघे झाकेनात. त्याच सुमारास टाचा दुखायला लागल्या. बसलेलं असताना काहीच नसायचं. पळून थांबलं की मात्र दोन्ही टाचांत कळ यायची. मी चवड्यांवर चालायला लागले.

सरांच्या ते लगेच लक्षात आलं. "राणीसाहेब टाचा उचलून चालतत! सिनेमात काम मिळाला काय गो?" "टाचा दुखतत, सर," मी म्हटलं, तर सर हसले आणि सगळ्या मुलीही हसल्या. मीही हसले. सगळ्यांदेखत हसण्यावारी गेलेलं दुखणं पुन्हा कोणापुढे बोलून दाखवता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

घरी माझं चालणं बघून आईने सुई तापवली.

"पाय दाखय. काटो मोडलो आसतलो."

"काटो नाय गो आई. आत दुखता."

"काटो आतच आसता. भायर आसलो तर दिसलो नसतो?"

तिने चिमणीच्या उजेडात बराच वेळ टोकरलं. काटा निघाला नाही, रक्त निघालं. मग शेजारची काकी आली. ती आईबरोबरच कारखान्यात कामाला होती. तिने माझी टाच दाबून बघितली आणि आईकडे वळून म्हणाली, "भेगो पडाक लागलेत आतसून. तेल लाव."

तेल म्हणजे काजूच्या टरफलाचं. ते अंगावर उडालं तर कातडी जळते, म्हणून बिया फोडताना बायका हातांना राख चोळतात. पण याच बायका टाचेला भेगा पडल्या की तेच तेल काडीने भरतात. त्यांच्या टाचा आयुष्यभर चिखलात आणि चिऱ्यांवर चालून चामड्यासारख्या झालेल्या असतात. तिथे ते तेल थोडं झोंबतं, पण भेग बुजते. आई कितीतरी वेळा लावायची आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायची. तिने मला लावलं ते स्वतःच्या टाचेच्या मापाने. जास्तच प्रेमाने, म्हणून थोडं जास्तच.

"उगी रव. रडा नको. निवडीक जावचा आसा ना?"

मी रडले नाही. सकाळी दोन्ही टाचांवर फोड होते. डावी टाच तर सोलूनच निघाली. आईने खोबरेल लावून त्यावर फडकं बांधलं, माझ्याकडे न बघता डबा भरला आणि कामाला गेली.

ओरोसला मी गेले. सरांनी नेलंच. बसमध्ये ते माझ्या पायाकडे बघत होते. काय झालं ते कळल्यावर त्यांनी आईला एक शिवी दिली, आणि मग म्हणाले, "नुसता दुखत होता तवा सांगाचा नाय?" मी सांगितलं होतं. ते हसले होते. पण हे मी बोलले नाही. मैदानावर मी उभी राहिले, पहिला खो मिळताच उठले आणि खांबापर्यंतही पोचले नाही. माझ्या जागी दुसऱ्या शाळेतली मुलगी गेली. ती माझ्यापेक्षा हळू पळायची. कदाचित माझी निवड तशीही झाली नसती. पण मग ती माझं पळणं कमी पडलं म्हणून झाली नसती, तेलामुळे नव्हे.

त्यानंतर मी खेळले नाही. फोड बरे होईपर्यंत सर नवीन मुली घेऊन बसले होते. माझी टाचदुखी वर्षभराने कधीतरी आपोआप थांबली, कोणाच्या लक्षातही न येता. दहावीनंतर त्याच सरांनी आईला समजावून मला कॉलेजात घालायला लावलं. आईने कारखान्यात जादा पाळ्या केल्या. घरातली पहिली पदवी मी घेतली, आज ओरोसला नोकरी करते, त्यात या दोघांचा वाटा आहे. म्हणून मला त्यांच्यावर धड रागावताही आलं नाही. उपकाराखाली राग नीट वाढत नाही, खुरटून राहतो.

आता माझी मुलगी फुटबॉल खेळते. बूट घालून, हिरवळीवर. तिची आंतरशालेय स्पर्धा जवळ आली होती आणि ती चवड्यांवर चालायला लागली. मी तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. आई चार दिवस आमच्याकडे राहायला आली होती, तीही बरोबर आली.

डॉक्टरांनी टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबली. मुलगी ओरडली. "हं. वाढीचं दुखणं आहे," ते म्हणाले. या वयात टाचेच्या हाडाचा मागचा भाग अजून वाढत असतो, कच्चा असतो. उंची भराभर वाढते, पोटरी ताठते, आणि पळताना तिचा ताण तिथेच येतो. पळणाऱ्या मुलांची टाच दुखते ती बहुतेक वेळा यानेच. "माझ्याकडे सारखी येतात अशी मुलं. थोडे दिवस पळणं बंद, बुटात मऊ गादी, बर्फाने शेक, पोटरीचे व्यायाम. हाड पक्कं झालं की आपोआप जातं."

"त्यावर वरून तेलबिल लावलं तर?" मी विचारलं.

ते हसले. "कशाला? दुखणं कातडीत नाहीच."

एवढंच. हाडाचा फोटोसुद्धा काढावा लागला नाही. चहा निवायला लागतो तेवढ्या वेळात सगळं कळलं.

बाहेर बाकावर आई बसली होती. "काय सांगल्यान?"

मी सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिची नजर माझ्या चपलेकडे गेली. डाव्या टाचेवरचा तो पांढुरका, सुरकुतलेला डाग तिला मी कधी दाखवला नव्हता. तिला तो ठाऊक होता.

"म्हणजे तुका पण ह्याच होता?"

"होय."

"आणि गप रवला असता तर आपसूक गेला असता?"

"होय."

मग तिचा आवाज चढला. "बरा झाला! पळत रवलं असतंस तर शिकलं असतंस? आफिसात बसलंस ता माझ्या तेलान!"

बाकावरच्या बाया आमच्याकडे बघायला लागल्या. मला उत्तर देता आलं असतं. तोंडाशी आलेलं मी गिळलं. माझी सवयच ती.

तेवढ्यात मुलीने बोटांवर दिवस मोजले, आणि स्पर्धेत खेळता येणार नाही हे तिच्या लक्षात आलं. ती तिथेच, सगळ्यांसमोर, मोठ्याने रडायला लागली. "पुढच्या वर्षी खेळ गं," असं मी म्हणाले. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मला यातलं काही कळतच नाही. मी तिला गप्प करायला हात पुढे केला तर आईने तो मनगटाला धरून मागे ओढला.

"रडांदे तिका," ती म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती. "रड गो बाय, रड. तुझ्या आईक मी रडाक पण दिलंय नाय."