बटण्याची खुशाली

सोफावाल्या काकांच्या लेकीला बापाची काळजी वाटायची, पण ती लांबूनच. आई गेल्यापासून ती दर रविवारी फोन करी, जेवलात का, गोळ्या घेतल्यात का, एवढं विचारी आणि ठेवून देई. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला सुट्टी मिळाली नाही. शेजारच्या काकूंनी सकाळ-संध्याकाळ डोळ्यात थेंब घातले. नोकरी म्हटली की असं व्हायचंच, अशी काकांनी स्वतःची समजूत घातली.

मग एक दिवस जावई दारात खोकं घेऊन उभा. खोक्यात कुत्र्याचं पिल्लू. जावयाने ते काकांच्या हातात दिलं, खाण्याची पिशवी ठेवली, उभ्याउभ्याच पाणी प्यायला आणि गेला. पाठोपाठ लेकीचा फोन.

"आता तुम्हाला एकटं वाटणार नाही, बाबा. सोबत झाली."

"अगं, मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

ते मात्र खरं होतं. काकांच्या खोल्या दोनच. बाहेरच्या खोलीत गिऱ्हाइकांच्या खुर्च्या पोटं उघडी टाकून पडलेल्या, फोमचे तुकडे, रेक्झिनच्या गुंडाळ्या, सगळीकडे फोम चिकटवायच्या सोल्युशनचा उग्र वास. त्यात हे कार्टं ठेवायचं कुठे? पहिल्याच दिवशी त्याने एका बाईंच्या कोऱ्या कापडावर कार्यक्रम उरकला. काका हातोडी उगारून धावले, तर ते शेपूट हलवत हातोडीचा दांडाच चाटायला लागलं. काकांनी कपाळावर हात मारला आणि फडकं आणलं.

लेकीने त्याला भारदस्त इंग्रजी नाव ठेवलं होतं. काकांच्या जिभेला ते वळेना. पिल्लाचे डोळे सोफ्याच्या पाठीला लावतात त्या काळ्या बटणांसारखे, म्हणून काका त्याला बटण्या म्हणू लागले.

बटण्याचं करता करता काकांचा दिवस कसा जायचा कळायचं नाही. खाणं कोमट पाण्यात भिजवायचं, खाऊन झालं की लगेच काखेत मारून जिने उतरायचे, खाली तो गवत हुंगत बसला की गुडघे दाबत वाट बघायची. "कर बाबा लवकर, गिऱ्हाईक ताटकळलंय," असं काका काकुळतीने म्हणत आणि येणारे-जाणारे हसत. इंजेक्शनच्या दिवशी त्यांनी त्याला शर्टाच्या आत घालून नेलं. सुई टोचताना बटण्या गप्प होता. डोळे काकांनीच मिटले.

लेकीचे फोन आता रोज येऊ लागले, तेही व्हिडिओचे. काका हरखून गेले. पण फोन उचलला की ती म्हणायची, "बाबा, कॅमेरा खाली करा ना, तो दिसत नाहीये." मग काका फोन जमिनीकडे धरून उभे राहत, हात अवघडेपर्यंत. लेक पिल्लाशी लाडेलाडे बोलत राही. एकदा काका तापाने फणफणले होते, आवाज पार बसलेला. फोन ठेवताना ती म्हणाली, "त्याला पंख्याखाली झोपवू नका हं, सर्दी होईल."

"बरं," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले.

खिळ्याचं झालं ते अशात. खुर्चीला कापड ठोकताना काका बारीक खिळे ओठांत धरायचे, उभ्या जन्माची सवय. एक निसटून खाली पडला. काका वाकेपर्यंत बटण्याने तो गटकन गिळला. चपलाही न घालता त्याला उचलून ते प्राण्यांच्या डॉक्टरकडे पळाले. डॉक्टरांनी पोटाचा फोटो काढला, म्हणाले, "खिळा पुढे सरकलाय, शीवाटे पडेल. जाडसर खायला घाला आणि लक्ष ठेवा." काकांनी लेकीला कळवलं. कळवायला नको होतं, असं त्यांना नंतर कितीदा तरी वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक दारात. आई गेल्यानंतर ती पहिल्यांदाच घरी आली होती. चप्पल न काढताच ती आत शिरली आणि बटण्याला छातीशी धरून रडायला लागली.

"सुट्टी मिळाली?" काकांनी विचारलं.

"न मिळायला काय झालं? इमर्जन्सी होती."

काका ओट्याशी गेले, चहा ठेवला. पाठमोरेच म्हणाले, "माझं ऑपरेशन झालं तेव्हा नव्हती मिळाली."

"ते वेगळं, बाबा. तुम्ही मोठे आहात. त्या बिचाऱ्याला बोलता तरी येतं का?"

चहा उतू गेला.

खिळा त्याच दुपारी पडला. काकांनी काडीने चिवडून तो शोधला, धुऊन लेकीला दाखवला. तिने नाक मुरडलं. बटण्या घरभर उड्या मारत होता, पण तिचं ठरलं होतं. "या पसाऱ्यात तो जगायचा नाही. तुम्हाला झेपत नाही, बाबा. मी नेते त्याला."

"मी काम बंद करतो," काका म्हणाले. "नाहीतरी डोळ्यांना दिसत कुठे नीट. खोली मोकळी करतो उद्याच."

"उगाच हट्ट करू नका."

टॅक्सी सुरू होईपर्यंत बटण्या काचेला नाक लावून होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "जाऊ द्या, तुमच्या मागची ब्याद गेली." काका त्यांच्यावर खेकसले आणि दार लावून घेतलं.

पुढे काही दिवस त्याचे फोटो आले, मग बंद झाले. काकांनी आपणहून फोन केला. लेक म्हणाली, "अहो, आम्ही दोघं दिवसभर बाहेर. सोफा फाडला त्याने. ह्यांच्या ऑफिसातल्या एकांना दिला. मोठी बाग आहे त्यांची, मजेत आहे तो."

"मला द्यायचास परत."

"तुमचं वय झालंय, बाबा."

काकांनी फोन ठेवला. लेक अजून रविवारी फोन करते. जेवलात का, विचारते. काका "हो" म्हणतात. उपाशी असले तरी हो म्हणतात, आणि आधी तेच ठेवून देतात.