काकांच्या गराजातली मोकळी जागा

अरविंदकाकांची आणि माझी ओळख माझ्या मूर्खपणामुळे झाली. शिकागोजवळ शॉमबर्गला घर घेतल्यावर मी हौसेनं गराजात सुतारकामाचं वर्कशॉप थाटलं आणि विजेवर चालणारी मोठी करवत कोपऱ्यात, भिंतीला लावून बसवली. पहिलीच आठ फुटी फळी अर्ध्यात भिंतीला अडली. पलीकडच्या गल्लीतले काका बघायला आले. हसले नाहीत. "आधी फळी घेऊन चालून बघ," म्हणाले, "मग मशीन ठेव."

त्यांचं स्वतःचं गराज याच रीतीनं लागलेलं होतं. एकही यंत्र आणण्याआधी महिनाभर ते जमिनीवर खडूनं चौकोन आखत आणि पुसत होते. करवत मधोमध, चाकांवर. पुढे-मागे फळीभर मोकळी जागा. कामाचं टेबल करवतीच्याच उंचीचं, म्हणजे कापलेली फळी आपसूक त्यावर सरकते. तिथेच त्यांनी आपल्या मराठी मंडळाचं गणपतीचं मखर दरवर्षी केलं. माझ्या मुलीचा पाळणाही केला आणि त्याबद्दल फक्त चहा घेतला, तोही आग्रह केल्यावर.

काकांच्या पंचाहत्तरीच्या अंकातल्या गौरवलेखात रागावू नये, हे मला कळतं. तरी रागावणार आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी काका दोन महिने टेक्सासात अर्विंगला मुलीकडे होते, तेव्हा आपण सगळ्यांनी पंचाहत्तरीचं सरप्राइज म्हणून त्यांचं गराज 'ऑर्गनाइझ' केलं. भिंतीभर चकचकीत खोल कपाटं ठोकली. चाकं काढून करवत कोपऱ्यात ढकलली. मधली जागा म्हणे वाया जात होती. त्यांना विचारायचं एकालाही सुचलं नाही. आणि गराजच्या दाराचा कोड दिला मी, ज्याला फळी अडणं म्हणजे काय हे पुरतं ठाऊक होतं.

काका परतले तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. त्यांनी प्रत्येकाचे आभार मानले. मी नंतर एकट्यानं गाठलं, तर म्हणाले, "अरे, तुम्ही इतके वीकेंड घालवलेत, आता कसं सांगू? यंदा मखर ऑनलाइन ऑर्डर करा. माझं झालं बहुतेक." त्यानंतर त्यांनी लाकडाला हात लावलेला नाही. गुडघा बरा आहे, डॉक्टरांची परवानगी आहे. कामाचा माणूस आपण घरी बसवला, आणि आता त्याच्या कर्तृत्वावर पानं भरतोय. मला याची लाज वाटते.

काका, तुम्हाला निरोगी दीर्घायुष्य लाभो, आणि त्यातला एकही दिवस आमचं मन राखण्यात न जावो. बाकीच्यांनी पंचाहत्तरीच्या समारंभाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी नऊला ड्रिल घेऊन त्यांच्याकडे यावं. कपाटं उतरवायची आहेत. या वेळी मी काकांना आधी विचारलं. ते म्हणाले, "या. पण मी सांगेपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही."