डाकबंगल्याखालचा झिरा

मंडळी, हे आजच आपल्या परतवाड्याच्या वाचनालयाच्या फळ्यावर लावतो आहे. वाचा आणि मला बोला.

सकाळी एकटाच सायकलने चिखलदऱ्याच्या दऱ्या बघायला गेलो होतो. डाकबंगल्याखालच्या कोरड्या नाल्यात उतरलो, तर वाळूत उकरलेला हातभर खोल झिरा दिसला. तळाशी थोडं नितळ पाणी होतं.

आमच्या संत्र्याच्या मळ्यात मोटेचं पाणी पाटानं वाहतं. बाहेरून आलं की आधी पाय धुवायचे, मग पाणी प्यायचं, ही घरची शिस्त. मी ओंजळीनं पाय धुतले. पायांवरच्या धुळीचा सगळा चिखल परत झिऱ्यात गेला.

मागं एक बाई घागर घेऊन उभी होती.

"तहान लागली तं प्याचं होतं, भाऊ. पाय कावून धुतले? आता पाणी नितराले सांज होते."

"मले मालूम नव्हतं," म्हणालो आणि सोबतच्या फिरकीच्या झाकणाच्या तांब्यातलं उरलेलं पाणी पुढं केलं.

"ठेवा. तुमाले घाट उतराचा हाये." एवढं बोलून ती झिऱ्यापाशी बसली. मी निघून आलो.

आत्ता वाचनालयात शिरताना दारातल्या बादलीतलं पाणी सवयीनं पायांवर ओतलं. ती बाई अजून तिथंच बसली असेल का?