गाडीच्या पोटाखालचा पत्रा

“तिला काय इचारता? इंग्रजी शाळेतली हाय ती. तिला लोखंड अन् जर्मन एकच.”

हे माझ्याबद्दल होतं. वाळूजच्या रस्त्यावरच्या त्या वर्कशॉपमध्ये मी एका उलट्या डब्यावर बसले होते आणि मांडीवर चार पानांचं इंग्रजी माहितीपत्रक होतं. बोलणारा कुठल्यातरी दुसऱ्या जीपचा ड्रायव्हर होता. माझे मामा आमच्या जीपखालून सरपटत बाहेर आले, हात पुसत म्हणाले, “तीच वाचून सांगणार हाय. तुला येतं का वाचाया?” ड्रायव्हर हसला आणि चहाला गेला. मी पान उलटलं. ऐकलं नाही असं दाखवण्याची मला जुनी सवय होती.

मामांची जीप गंगापूर रस्त्यावर सीटा भरून धावायची. इंजिनाच्या तळाला ऑईलचं चेंबर असतं. दगड लागून ते फुटू नये म्हणून त्याच्याखाली जाड पत्रा बसवतात, त्याला चेंबर गार्ड म्हणतात. आमचा जुना गार्ड वाकला होता आणि नवा कशाचा बसवायचा ते ठरवायचं होतं, लोखंडाचा की ॲल्युमिनियमचा. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात, भांडं असो की पत्रा. वाळूजला तेव्हा कंपन्यांच्या शेड एकामागून एक उठत होत्या आणि त्यांच्या भंगारातून शहरभर हा पांढरा, हलका पत्रा फिरत होता. मामांनी जुना गार्ड त्यातूनच केला होता. “वजन नाय, गंज नाय,” असं ते कौतुकाने सांगायचे. माहितीपत्रक त्यांना एका कंपनीतल्या पॅसेंजरने दिलं होतं.

पण हा नवा पत्रा गंगापूरच्या डांबरी रस्त्यासाठी नव्हता. तो आमच्या गावाकडच्या ओढ्यासाठी होता.

त्या गावात माझी मोठी मावशी एकटी राहायची. विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला त्या वर्षी गावोगाव आमच्या लोकांची घरं जळाली, तशी तिथलीही जळाली. सगळे शहरात आले. मी तेव्हा बालवाडीत होते, मला फक्त वास आठवतो. मावशी मात्र चार वर्षांनी परत गेली, एका खोलीवर पत्रे घातले आणि आपला तुकडा कसू लागली. आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आणखी लांबवलं तर दिसणं कायमचं जाईल. गोट्यांवरून ओढा पायी ओलांडणं तिला शक्य नव्हतं. जीपच तिथपर्यंत न्यायला हवी होती.

महिन्यापूर्वी आम्ही तिला आणायला एकदा गेलो होतो.

भर दुपार होती. मामा आणि मी पुढे, मागे मावशीला आडवं होता यावं म्हणून गादी. ओढ्यात पाणी घोटाभर, पण तळाला मोठे गोटे. मधोमध आल्यावर खालून एक लांब, दबका आवाज आला, कुणी ओलं घोंगडं ओढून न्यावं तसा, आणि गाडी थांबली. मामा पाण्यात उतरले, खाली वाकले. पत्र्याची कड दगडात रुतली होती. मधला भाग वर चेपून चेंबरवर बसला होता आणि ऑईल ठिबकत होतं.

मी मान वर केली तेव्हा पलीकडच्या काठावर माणसं उभी होती. येताना एकही माणूस दिसला नव्हता. हातात काही नव्हतं, चेहऱ्यावर रागही नव्हता. नुसती उभी होती. सूर्य डोक्यावर, सावल्या पायाखाली गेलेल्या, त्यामुळे ती माणसं जमिनीवर आणून ठेवल्यासारखी दिसत होती. मी मोजली. सात. थोड्या वेळाने दोघं वळून बाभळींमागे गेले, ते मी डोळ्यांनी पाहिलं. पुन्हा मोजली. सातच.

मग माझ्या पायाखाली टकटक सुरू झाली. तीन ठोके. थांबून दोन.

“मामा, तुम्ही ठोकताय का?”

“नाय. माझे दोन्ही हात चेंबरवर हायेत.”

“मग हे काय?”

खालून उत्तर आलं. “पत्रा थंड होत असंल.”

इंजिन बंद होऊन तास झाला होता आणि पत्रा पाण्यात होता. मी पाय उचलून सीटवर घेतले.

अलीकडच्या काठाने एक म्हातारा मेंढरं घेऊन आला. मेंढरं पाण्यापर्यंत आली आणि थांबली. एकानेही तोंड लावलं नाही. पाण्यावर ऑईल पसरलं होतं, त्यामुळे असेल. म्हातारा जीपच्या बाजूला येऊन उभा राहिला. मामा त्याला दिसत नव्हते.

“कुणाची गं तू?” त्याने विचारलं.

आमच्या भागात या प्रश्नाला वडिलांचं नाव हे उत्तर नसतं, जात असतं. शाळेत दहा वर्षं मी हे उत्तर कुणालाही दिलं नव्हतं. वस्तीत एकमेकांना भेटल्यावर आम्ही जो नमस्कार करतो, तो मी वस्तीबाहेर कधी तोंडातून काढला नव्हता. म्हाताऱ्याच्या आवाजात काही वाईट नव्हतं, हे मला आज कळतं. कदाचित तो मावशीकडे निरोप घेऊन गेला असता. मी त्याच्याकडे न बघता, शाळेतल्या इंग्रजीत, मला मराठी येत नाही असं म्हणाले.

त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली.

“बरं,” तो म्हणाला. “मंग कुणाचीच नाय.”

त्याने जीभ टाळ्याला लावून आवाज केला, मेंढरं वळली. खालची टकटक त्याच क्षणी थांबली होती. मामा गाडीखालीच होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मावशीचं घर तिथून दोन शेतं पलीकडे, चढावर होतं. पत्र्यावर ऊन चमकताना दिसत होतं. “मी चालत जाऊन सांगून येऊ का?” मी विचारलं. मामांनी पलीकडच्या काठाकडे पाहिलं. “गाडी सोडता येत नाय, अन् तुला सोडून तर नायच.” त्यांनी चेंबरच्या चिरेत साबणाची वडी दाबून भरली, टॉमीची लोखंडी दांडी घालून पत्रा उचकटला आणि गाडी मागे घेतली. परतीच्या रस्त्यात ते एवढंच बोलले, “जर्मन मऊ असतं. दगडाला धरून बसतं.”

पाचव्या दिवशी गंगापूरच्या एका पॅसेंजरकडून मावशीचा निरोप आला. “दवाखान्याची तारीख गेली. मी आंघोळ करून सकाळपासून दारात बसले होते, गाडी काय वाजली नाय. यायचं नसंल तर तसं सांगा, मी पुन्हा नाय बसायची.”

मामांनी निरोप दोनदा ऐकून घेतला. आम्ही ओढ्यापर्यंत आलो होतो, हे तिला कुणीही सांगितलं नव्हतं. सात माणसांपैकी कुणीही.

तर आता दुसरी तारीख मिळाली होती, परवाची. वर्कशॉपच्या मिस्त्री चाचांनी जुना गार्ड खोलून उन्हात ठेवला आणि आम्हाला जवळ बोलावलं. मध्यभागी खड्डा पडला होता. एक रुंद तळवा आणि त्याच्या वर चार बोटं, आत रेटलेली. चाचांनी आपला हात त्यावर धरला. हात बसला.

“पत्थर ऐसा नहीं बनाता, मियाँ,” ते हळूच म्हणाले. “कहाँ लेके गए थे?”

“गावाला,” मामा म्हणाले.

“कौनसे गाँव को?”

मामा जीपकडे वळले. चाचांनी पत्रा पालथा घातला आणि भिंतीकडे सरकवला.

मग त्यांनी दोन नवे पत्रे आणले. एक ॲल्युमिनियमचा, पहिल्यापेक्षा दुप्पट जाड. दुसरा लोखंडाचा, काळा, उचलायला दोघं लागले. मी माहितीपत्रकातलं सगळं वाचून सांगितलं. लोखंड जड, गंजतं, रंग देत राहावा लागतो, पण दगडावरून घसरून पुढे जातं. ॲल्युमिनियम हलकं, गंजत नाही, पण दगड त्यात रुततो. जाड घेतलं तर कमी वाकेल. आवाजाबद्दल त्या चार पानांत काही नव्हतं.

आवाजाचं चाचांनी दाखवलं. त्यांनी हातोडीने जर्मनवर ठोका दिला. धप्प. मग लोखंडावर. तो नाद शेडच्या छतापर्यंत गेला आणि बराच वेळ विरला नाही. पलीकडे वेल्डिंग करणाऱ्याने चष्मा वर करून पाहिलं.

“ये लोहा है, मार खाएगा, फटेगा नहीं,” चाचा म्हणाले. “मगर हर पत्थर पे चिल्लाएगा, हौ.”

मामांनी जाड ॲल्युमिनियमवर हात ठेवला. “हाच लावा. लोखंड लई वाजतं. ओढ्यात शिरायच्या आधीच गावाला कळंल. गुपचूप जायचं, तिला घ्यायचं, गुपचूप यायचं.”

“और ये भी फँस गया तो?”

“नाय फसणार. जाड हाय.”

पण ते भिंतीकडच्या पालथ्या पत्र्याकडे बघत होते. चाचांनी बोल्ट शोधायला डबा उपडा केला. मामांनी माझ्याकडे पाहिलं, विचारायला नव्हे, मी ‘हो’ म्हणेन म्हणून. मी नेहमी ‘हो’ म्हणायचे.

मला दारात बसलेली मावशी दिसली, आंघोळ करून, पदर सारखा करून, डोळ्यांपुढे दूध सांडल्यासारखं पांढरं. तिला धूळ दिसणार नव्हती, गाडी दिसणार नव्हती, काठावरची माणसंही नाहीत. आम्ही गुपचूप आलो असतो तर तिच्यासाठी आलोच नसतो. घशात इंग्रजी वाक्य आधी तयार झालं होतं. ते मी गिळलं.

चहाला गेलेला ड्रायव्हर परत आला होता. वेल्डिंगवाला बघत होता. मी डब्यावरून उठले आणि शेडमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

“लोखंडाचा लावा, मामा. वाजू द्या. तिला दिसत नाय.”